अधिक महिन्यातले दोन डबे

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. "तांदूळ भिजत घातलेत," एवढं म्हणाली आणि ठेवून दिला. नारायण पेठेतली माणसं फोनवर याहून जास्त बोलत नाहीत. तांदूळ भिजत घातले म्हणजे अनारसे, अनारसे म्हणजे अधिक महिना, आणि अधिक महिना म्हणजे दोन्ही जावयांना जेवायचं बोलावणं. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं. इथे बिबवेवाडीत, चौथ्या मजल्यावर, फोन हातात धरून उभी असताना माझ्या अंगावर काटा आला.

तीन दिवस पाण्यात राहिलेल्या तांदळाला एक आंबूस वास येतो. तो मला लहानपणापासून आवडायचा. त्या वासामागून गूळ येणार, खसखस येणार, कढईतल्या तुपात अनारशाला जाळी पडणार हे ठाऊक असायचं. हल्ली मात्र तो वास आला की मला डेटॉलची आठवण येते. त्याला कारण आहे मागचा अधिक महिना.

दर तिसऱ्या वर्षी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो आणि त्या महिन्यात जावयाला विष्णूचा मान मिळतो. आमच्याकडे आधी त्याचे पाय धुतात, मग औक्षण, मग ताट. ताटात धोंडे, म्हणजे कणकेत पुरण भरून तळलेले गोळे, त्यावर तुपाची धार. निघताना अनारशांचं वाण. यंदा ज्येष्ठ अधिक आहे; मागच्या वेळी श्रावण होता. दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नव्हते, बुटांना आतून बुरशी धरत होती, आणि आमच्या घरात वजनाचं प्रकरण चालू होतं.

वजन माझ्या नवऱ्याचं. मी त्यांना अहो म्हणते. इथे अरुण म्हणते, तेवढी सवलत लेखात घेते. अरुणना बरीच वर्षं साखरेचा त्रास. त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवून सांगितलं, "गोळ्या वाढवून उपयोग नाही. वजन उतरवा. नाही उतरलं तर पुढच्या वेळी इन्शुलिन." अरुणनी मान डोलावली. मान डोलावण्यात ते पटाईत आहेत. मी मात्र त्यांच्या पायांकडे बघत राहिले, कारण मला सासरे आठवत होते.

सासऱ्यांच्या डाव्या पायाची साखरेने आधी करंगळी गेली, मग अंगठा, मग घोट्यापर्यंत पाय. त्यांचा चपलांचा शेवटचा जोड आमच्या घरात बरेच दिवस होता. उजवी झिजलेली, डावी कोरी. मोठा गोड माणूस होता. कोणी आग्रह केला की ते "नको" म्हणत, पण असं म्हणत की वाढणाऱ्याला "वाढा" ऐकू यावं. लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट हमखास त्यांच्यापाशी येऊन थांबे. आणि अरुण अगदी त्यांच्यावर गेलेले. मला भीती वाटत होती, ती त्या कोऱ्या चपलेची.

मी एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात नोकरी करते. समोर आलेली प्रत्येक हकीकत खोटी आहे असं धरून वाचायला सुरुवात करायची, हे आमचं काम. जखम किती मोठी यापेक्षा आधी विचारायचं, यात कोणाचा फायदा? अशा बाईच्या घरात वजन उतरवायचं ठरलं की काय होणार!

आधी मी माहिती काढली. माहितीचाच संशय यावा अशी ती माहिती होती. माझ्या लहानपणी घरात शेंगदाण्याचं तेल होतं आणि ते उत्तम होतं. मग कोणीतरी ठरवलं की करडईचं बरं. मग तूप विष झालं, खोबरं विष झालं, सरकी आली, सूर्यफूल आलं, पुढे ऑलिव्ह आलं आणि आमच्या फोडणीत बिचारं जळून गेलं. आता तूप पुन्हा अमृत आहे. माझ्या एका हयातीत तूप मेलं आणि जिवंत झालं, तेही दरवेळी तितक्याच ठाम आवाजात. इतक्या ठामपणे बोलणाऱ्या माणसाचा क्लेम मी कधीही पहिल्या फेरीत पास करत नाही.

तरी काहीतरी निवडणं भाग होतं. मी लो-फॅट निवडलं. अंगावरची चरबी ताटातल्या चरबीने वाढत असणार, असा माझा सरळ हिशेब. आमच्या चौकातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी त्यावर शिक्का मारला. त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकचा वडा होता, प्लॅस्टिकचं सफरचंद होतं, आणि दोन्हींवर सारखीच धूळ होती. त्यांनी सायीशिवायचं दूध, तुपाशिवायच्या पोळ्या, फोडणीशिवायचं वरण सांगितलं आणि मधल्या वेळेला फॅट-फ्री बिस्किटं. पुडा उलटा करून वाचला तर पिठाच्या खालोखाल साखर. मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दुसरा पक्ष खराडीत होता. माझी धाकटी बहीण शिल्पा आणि तिचा नवरा केदार तिथे राहतात. केदार सॉफ्टवेअरवाला, आणि अरुणची कंपनीही तिथेच, त्याच्या ऑफिसच्या शेजारच्या इमारतीत. दुपारी साडूभाऊ एकत्र जेवतात. केदारने त्या वर्षी लो-कार्ब धरलं होतं. भात बंद, पोळी बंद, बटाटा बंद; तूप, पनीर, चीज, बदाम चालू. त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला होता आणि बोलणं चार भोकं बाहेर आलं होतं.

"ताई, तुम्ही अजून फॅटला घाबरता? इट्स सो आउटडेटेड," तो मला म्हणाला. "कार्ब्ज हा खरा व्हिलन आहे. दादांना पोळी वाढणं म्हणजे साखरच वाढणं."

"मग काय वाढू?"

"तूप. बिनधास्त."

बिनधास्त हा शब्द ऐकला की मी फाईल बाजूला काढून ठेवते. त्याने मला व्हिडिओ पाठवले. त्यात पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ पुस्तकांच्या कपाटापुढे बसून भाताला शिव्या देत होता. कपाट भिंतीवर चिकटवलेलं चित्र होतं. एक कोपरा सुटला होता. शेवटी त्याने कसलीशी पावडर दाखवली. यात कोणाचा फायदा ते मला तिथेच समजलं. पण मग मला माझ्या बाईंचं फॅट-फ्री बिस्किट आठवलं.

तर घरात लो-फॅट सुरू झालं. त्या महिन्याचे वास अजून नाकात आहेत. उकडलेल्या दुधी भोपळ्याचा ओलसर, दवाखान्यासारखा वास. तेल नसलेल्या तव्यावर करपलेल्या फुलक्याचा वास. वरणात हिंग घालायचा तर तो कच्चाच, कारण फोडणीच नाही. स्वयंपाकघर असूनही स्वयंपाकाचा आवाज नव्हता. मोहरी तडतडल्याशिवाय सकाळ सकाळ वाटत नाही हे मला तेव्हा कळलं. दोन्ही पक्षांचं एकमत फक्त एकादशीला व्हायचं. साबुदाण्याच्या खिचडीत कार्ब्जही आणि तूपही, म्हणून ती दोन्हीकडून वर्ज्य, आणि त्या दिवशी फोनवर भांडण नसायचं.

वजन मात्र उतरेना. उलट काटा पुढे सरकू लागला.

मी आधी काट्यावरच संशय घेतला. बाथरूमच्या फरशीवर तो एक आकडा दाखवी, हॉलमध्ये दुसरा. मग मला स्वच्छ कळलं की हे बाहेर खातायत. मी त्यांच्या शर्टाचा वास घेऊ लागले. तळणाचा वास शर्टाला धरतो, पावसाळ्यात तर दोन दिवस जात नाही. स्कूटरची डिकी उघडून पाहिली. कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याला आडून विचारलं, "आमचे हे येतात का हो?" तो म्हणाला, "ताई, साहेब महिनाभर दिसले नाहीत. बरं आहे ना सगळं?" त्याचाही मला संशय आला. गिऱ्हाइकाला सांभाळून घेत असणार.

सगळ्यांत मोठा पुरावा होता तो माझा डबा. संध्याकाळी तो रिकामा परत येई. नुसता रिकामा नव्हे, पुसून घेतलेला. आता उकडलेला दुधी भोपळा पुसून खाणारा माणूस या पुण्यात आहे? तो टाकून देतात आणि बाहेर मिसळ हाणतात, असा मी निकाल लावला. विचारलं की अरुण म्हणायचे, "छान झाला होता." खोटं बोलताना माणूस छान शब्द वापरतो, हे मी रोज ऑफिसात वाचत होते.

आता वाटतं, त्या दिवसांत मी त्यांच्याकडे नवरा म्हणून पाहिलंच नाही. त्यांच्या तोंडाकडे तेवढं पाहत होते.

आईला सगळं कळत होतं. अधिक महिन्याच्या जेवणाचं ठरवायला तिने आम्हा दोघी बहिणींना फोन केले, दोघींचं ऐकून घेतलं, आणि मला पुन्हा फोन करून म्हणाली, "एकाला तूप चालत नाही, एकाला पोळी चालत नाही. पाणी चालतं ना दोघांना? तेवढं उकळून ठेवते."

ठरलेल्या रविवारी आम्ही नारायण पेठेत गेलो. आई राहते ती इमारत नवीन आहे, लिफ्टची आहे, पण जिन्यात पाऊल टाकलं की पुरणाचा वास येऊन भेटतो. जायफळ, वेलदोडा आणि शिजलेली हरभऱ्याची डाळ. भूक खवळली आणि लगेच पाठोपाठ राग आला, कारण तो वास आमच्या पथ्याच्या चार्टमध्ये नव्हता. केदार आणि अरुण बाहेर पाटावर बसले. शिल्पा आणि मी स्वयंपाकघरात. आई म्हणाली, "दोन ताटं वेगळी केली आहेत. एका ताटात धोंडे बिनतुपाचे. दुसऱ्या ताटात तूप बिनधोंड्याचं. आता देवाला काय चालतं ते मात्र मी विचारलेलं नाही." आणि पातेलीतलं गरम पाणी घेऊन ती पाय धुवायला बाहेर गेली.

शिल्पा वाट्या पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "ताई, अरुणदादांचं मात्र कौतुक आहे हं. केदार कधी पनीर ठेवतो, कधी चीज उरवतो. दादांचा डबा रोज चाटूनपुसून."

"कुठला डबा?"

"अगं, मी देते तो. केदारबरोबर त्यांचाही देते ना. महिना झाला. तूच सांगितलंस ना त्यांना की चालेल म्हणून?"

मी हातातलं ताट खाली ठेवलं. महिनाभराचा गुंता एका क्षणात सुटला आणि सुटल्यावर जास्तच राग आला. हे बाहेर खात नव्हते. हे टाकून देत नव्हते. हे माझा लो-फॅट डबा खात होते आणि त्याच जेवणात शिल्पाचा लो-कार्ब डबाही खात होते. माझ्याकडच्या पोळ्या, भात, वरण. तिच्याकडचं तुपातलं पनीर, सायीचं दही, बदाम. दोन्ही पथ्यं अगदी प्रामाणिकपणे. जगात दुसरीकडे कुठे माणूस अशी चूक करत असेल असं मला वाटत नाही. एक पथ्य मोडणारे खूप असतात. दोन पथ्यं एकाच ताटात पाळणारा आमच्याच घरात निघाला.

मी तावातावाने बाहेर आले. सगळ्यांसमोर विचारणार होते. तेवढ्यात केदार ओरडला, "आई! पोळतंय हो!"

आईने त्याच्या पायावरचं पाणी थांबवलं. "बाई गं, जास्तच तापलं वाटतं," म्हणाली आणि परातीत गार पाण्यासाठी तांब्या शोधू लागली. मग तिचं लक्ष शेजारच्या पाटाकडे गेलं. केदारच्या आधी तिने त्याच पातेलीतलं पाणी अरुणच्या पायांवर घातलं होतं. अरुण हसत बसले होते. पाय लालबुंद झाले होते.

"अरुणराव," आई म्हणाली, "तुम्हाला पोळलं नाही?"

"नाही आई. बरं वाटलं की."

आईने त्यांचा डावा पाय उचलला. एरवी ती नुसतं पाणी घालून हात फिरवते. त्या दिवशी तिने पाय उलटा करून तळवा पाहिला. अंगठ्याखाली मटाराएवढी जखम होती. कडेने पांढरी पडलेली, मधे काळसर. ओल्या बुटात कधीतरी काहीतरी टोचलं असणार. अरुण आमच्या चेहऱ्यांकडे बघू लागले. त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना दुखलंच नव्हतं.

मला डावी कोरी चप्पल दिसली. मी तिथेच, पाटापाशी, परातीतून सांडलेल्या पाण्यात बसकण मारली आणि रडले.

त्या दिवशी धोंडे कोणीच खाल्ले नाहीत. केदारने गाडी काढली. दवाखान्यापर्यंत त्याच्या तोंडून ना तूप निघालं ना पोळी. मागच्या सीटवर मी अरुणचा पाय मांडीवर घेऊन बसले होते. मी विचारलं, "दोन डबे का खाल्लेत?"

"शिल्पाने इतक्या हौसेने केलेलं. परत कसं पाठवायचं?" अरुण म्हणाले. "आणि तू तर पहाटे उठून करतेस."

"मग एकदा तरी पुरे म्हणायचं होतंत."

"कोणाला म्हणू?" ते म्हणाले.

आमच्याकडे पुरे या शब्दाला किंमतच नाही. पाहुण्याने पुरे म्हणायचं, ताटावर हात आडवा धरायचा, आणि वाढणाऱ्याने बोटांच्या फटीतून वाढायचं, याला आपण प्रेम म्हणतो. मीही तेच केलं होतं, फक्त तुपाऐवजी दुधी भोपळा घेऊन. माझा आग्रह लो-फॅट होता, शिल्पाचा लो-कार्ब. त्या माणसाला काय झेपतं हे दोघींपैकी कोणी विचारलं नव्हतं.

साखरेने पायांची जाणीवच बोथट झाली होती, असं डॉक्टर म्हणाले. जखम भरायला दिवाळी उजाडली. ड्रेसिंगच्या एका खेपेला मी डॉक्टरांना विचारलंच, "लो-फॅट चांगलं की लो-कार्ब?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वर्षभर निभेल ते चांगलं. दोन्ही एकदम नकोत, एवढं पाहा."

हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही. डॉक्टरांचाही मला थोडा संशय आला. पण घरात चार्ट उरला नाही. मोहरी पुन्हा तडतडू लागली. एक डबा, एक भाकरी, उसळ, कोशिंबीर, वर चमचाभर तूप. शिल्पाने तिचा डबा थांबवला. थोडी रुसली, मग विसरली. अरुण हळूहळू उतरले, इन्शुलिन अजून दाराबाहेर आहे. कशाने उतरले ते मला अजून नक्की सांगता येत नाही. तूप कमी झालं म्हणून, पोळ्या कमी झाल्या म्हणून, की दुसरा डबा गेला म्हणून? कोणी छातीठोकपणे सांगू लागलं की मी त्याला विचारते, यात तुमचा काय फायदा? केदार मात्र पुढच्या गावाला पोचलाय. आता तो दिवसाचे सोळा तास काहीच खात नाही. उरलेल्या आठ तासांत काय खातो ते शिल्पाच जाणे.

काल आम्ही नारायण पेठेत गेलो. खिडकीत ऊन होतं, टेबलावर आंब्याची पेटी होती, आणि अनारशांना जाळी सुरेख पडली होती. ताटं यंदा सारखीच होती. आईने अरुणच्या ताटात एक धोंडा वाढला, वर तुपाची बारीक धार सोडली, आणि दुसरा उचलला. अरुणनी ताटावर हात धरला. "पुरे," म्हणाले.

आईचा हात हवेत थांबला. इतक्या वर्षांची सवय. बोटांच्या फटी तिला समोर दिसत होत्या. मग तिने धोंडा परत पातेल्यात ठेवला आणि म्हणाली, "बरं."

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. जेवणाच्या आधी पाय धुताना आईने पातेलीत स्वतःचं कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी पाहतात तसं. मग अरुणचे पाय परातीत घेतले. तिने तळवे उलटे करून पाहिले, मग बोटं एकेक वेगळी करून, मधल्या बेचक्यात पदराने टिपून पाहिलं. अरुण संकोचून छताकडे बघत होते.

"आहेत सगळी," आई म्हणाली, आणि मग कुंकू लावायला उठली.

ती उठल्यावर मी खाली वाकले आणि माझं मी पुन्हा एकदा बघून घेतलं.